सहा टोकांचं फूल

अमरावती, ११ डिसेंबर १९६६

प्रिय चारू,

ताराने कापलेलं बर्फाचं कागदी फूल टोरांटोहून एकही टोक न दुमडता पोचलं. सोबत तिचा हुकूमही: आजोबांनीही करायचं, पण टोकं सहाच हवीत, बर्फाला सहाच असतात. सहा वर्षांची पोर, पण भाषा सभाध्यक्षाची. ती माझ्यावर गेली आहे, हे तुला आवडो न आवडो.

गेला आठवडाभर कापतो आहे. माझ्या हाताला गणपतीच्या मखराच्या जाळीची सवय. घडीवर घडी पडत जाते आणि कागद उघडला की आठ टोकं. तुझी आई असती तर हसली असती. परवा भाजीवाल्या पार्वताबाईने दारातूनच पाहिलं. "नाना, गणपती त कवाचेच गेले. आता मखर कोणासाठी करून राहिले?" नातीसाठी, म्हटलं. "मंग तिलेच बोलवा ना," म्हणाली आणि मेथीची जुडी ठेवून गेली. दिवसभरात माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच.

कागद म्हणून जुन्या सभांची पत्रकं घेतली, कपाटात थप्पी पडून आहे. आधी अर्धी घडी, मग तिचे तीन भाग, ताराने लिहिलं तसं. काल पहिल्यांदा सहा टोकं आली. फूल उलटून पाहिलं. 'जाहीर व्याख्यान, मोर्शी. विषय: जात मोडा, घरापासून.' वक्ता मी. तारीख तुझ्या लग्नाआधी पंधरा दिवसांची.

त्या सभेत मी दीड तास बोललो आणि मोर्शीची माणसं उठून उभी राहिली. पंधरा दिवसांनी अकोल्यात फुलं विकणाऱ्या शकुनबाईंच्या मुलाशी तुझं लग्न लागलं, तेव्हा मी तापाचं निमित्त सांगून घरी बसलो. तुझी आई एकटी आली. चारू, ताप नव्हता. ती हे जाणून होती, तरी अखेरपर्यंत कुणाला बोलली नाही. आणि मी पुढची आठ वर्षं गावोगाव त्याच विषयावर टाळ्या घेत राहिलो.

मे महिन्यात तुम्ही अकोल्याला शकुनबाईंकडे उतरणार असं लिहिलंस. अमरावतीचं नाव काढलं नाहीस, ते योग्यच केलंस. पण मला तिथे यायचं आहे, एवढ्यासाठीच हे पत्र. देवीदासरावांना आणि त्यांच्या आईला विचार, मला घरात घेतील का. नाही म्हणाले तर तसं स्पष्ट कळव. मी वाद घालणार नाही.

तुझाच,
नाना