शून्य गुणांचे मामा

३ मार्च, सकाळी ११
ऑफिसातली व्हायरलची साथ ओसरली. सतराजण आडवे झाले होते, मीही त्यातच. सगळे ताप उतरून परतलो. पण म्हणे काहीजणांचं दुखणं पुढे महिनोन्महिने रेंगाळतं. थकवा, धाप, विसराळूपणा. कोणाचं रेंगाळणार हे आधीच कळायला हवं, असं साहेब म्हणाले. हलकं काम फक्त पाचजणांना देता येईल. रजा विभागाचा हेडक्लार्क या नात्याने मी ताबडतोब हात वर केला. साहेबांना वाटलं, मला बाहेर जायचंय. गैरसमज दूर केला.

४ मार्च
पद्धत सापडली. आंघोळ करताना. दहा वर्षांचं रजा रजिस्टर! ज्याने आजारपणाच्या रजा जास्त घेतल्या तो मुळात नाजूक, म्हणून गुण जास्त, धोका जास्त. ज्याने घेतल्याच नाहीत तो ठणठणीत. मोठमोठ्या हॉस्पिटलांत यासाठी लोकांचं रक्त तपासत बसलेत. बसू देत. त्यांच्याकडे रजिस्टर नाही.
हिला सांगितलं. हिने विचारलं, रजा घेतली नाही म्हणजे आजारी पडला नाही, हे कोणी सांगितलं? प्रश्न तांत्रिक नव्हता. टॉवेल वाळत घातला आणि ऑफिसला निघालो.

७ मार्च
तक्ता तयार. एक्सेलमध्ये, तीन रंगांत. सर्वाधिक गुण माझे, एकतीस. त्यामुळे हलक्या कामाच्या यादीत मी आपोआप पहिला. पद्धतीपुढे माझा इलाज नाही. सर्वांत कमी गुण रेकॉर्ड रूमच्या मामांचे. शून्य! मामांना सगळं ऑफिसच मामा म्हणतं. कुठली फाइल कुठल्या रॅकवर, हे तोंडपाठ. ही साथीची रजा सगळ्यांचीच, ती सोडली तर दहा वर्षांत आजारपणाची एकही रजा नाही. याला म्हणतात तब्येत.

९ मार्च
मामा टेबलापाशी आले. ताप गेला पण शिडी चढताना धाप लागते, थोडे दिवस खाली बसून करायचं काम मिळेल का, म्हणाले. मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांच्या नावापुढचा हिरवा रंगही दाखवला. मामांनी त्या रंगावर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाले, भाऊसाहेब, तुम्ही म्हणताय तर बरोबरच असणार. समजूतदार माणूस.

१४ मार्च
मामांना फाइल सापडली नाही. मामांना! अर्धा तास रॅकपुढे नुसते उभे. मी धीर दिला, म्हटलं, मनाचे खेळ आहेत. संकल्प: उद्यापासून रोज त्यांची चौकशी करायची.

१५ मार्च
चौकशी राहिली. तक्त्याची रंगीत प्रिंट काढण्यात दिवस गेला.

१८ मार्च, दुपारी ३
मामा शिडीवरून पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात सुटले. मनगट मोडलं. साहेबांनी विचारलं, मामांचे गुण किती होते? मी म्हणालो, शिडीवरून पडणं हा अपघात झाला, तक्ता आजाराचा आहे. तक्त्याची रंगीत प्रिंट मात्र टेबलावरून उचलून ठेवली.

१९ मार्च
डॉक्टरांचं पत्र आलं. मनगट महिन्या-दीड महिन्यात जुळेल. पण धाप, अंधारी, विसर पडणं हे सगळं व्हायरलनंतरचं, आणि लागलीच विश्रांती मिळायला हवी होती. आता किती महिने जातील ते सांगता येत नाही.
पत्र ठेवायला खालचा ड्रॉवर उघडला. त्यात मामांचे अर्ज निघाले. अकरा. सगळे आजारपणाच्या रजेचे. कंबर, कावीळ, एकदा न्यूमोनिया. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात शेरा: ‘सध्या बदली माणूस नाही, पुढे पाहू.’ खाली माझी सही, झोकदार. पुढे मी काही पाहिलं नव्हतं. मामा तसेच कामावर येत राहिले होते.
म्हणजे मामांचं पान कोरं होतं ते मी कोरं ठेवलं म्हणून. आणि त्याच पानावरून मी त्यांना शून्य दिलं.
अर्ज वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. मग परत खालच्या. कोणी बघत नव्हतं, तरी मान वर होईना.

२० मार्च
हिला सगळं सांगितलं. हिने ऐकून घेतलं आणि ताटं वाढायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.
संकल्प: उद्या मामांच्या घरी जायचं. अर्ज त्यांच्यासमोर ठेवायचे आणि सरळ माफी मागायची. फाटे फोडायचे नाहीत. दोन वाक्यं लिहून पाठ केलीत.

२१ मार्च
पाठांतर कच्चं वाटलं. उद्या.

२२ मार्च, संध्याकाळी ७
गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मामींनी दार उघडलं. मामा पडून होते. मला बघून उठून बसायला लागले, मामींनी पाठीशी उशी दिली. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मी पिशवीत हात घातला, अर्ज हाताला लागले. घसा खाकरला.
तेवढ्यात मामाच बोलायला लागले. थांबत थांबत. म्हणाले, भाऊसाहेब, मनाला फार लागून राहिलंय. तुम्ही एवढ्या मेहनतीने तक्ता केलात आणि माझ्यामुळे तो चुकला. साहेबांपुढे तुम्हाला खाली बघावं लागलं असेल. माफ करा.
माझी दोन वाक्यं अगदी ओठांवर होती. मी म्हणालो, असू द्या मामा, होतं असं कधीकधी.
मामांना हायसं वाटलं. मामींनी पाणी दिलं, ते प्यालो. अर्ज पिशवीतून तसेच घरी आणले.