मिराईला ‘नाही’ ऐकू येत नाही

१४ मार्च १९७०, शनिवार. संध्याकाळी ६.
उद्या ओसाकाचा जागतिक मेळा उघडणार. संकल्प: सिगारेट बंद. बायकोशी, ताझुकोशी, रोज अर्धा तास बोलायचं, म्हणजे ‘जावयाचं संसारात लक्ष नाही’ हे सासूबाईंचं पालुपद बंद होईल. आणि सप्टेंबरनंतर मिराई टोकियोच्या हेड ऑफिसात. मिराई गेली की मीही.

ही वही कुणी वाचणार नाही, पण इतिहासासाठी नोंद असावी. मिराई म्हणजे आमच्या मित्सुहारा इलेक्ट्रिकच्या दालनातलं माणसाचं बोलणं ओळखणारं मशीन. तीन वर्षं मी तिच्यावर रक्त आटवलंय. पाहुणा खुर्चीत बसतो, मिराई त्याला २००० सालच्या घराबद्दल दहा प्रश्न विचारते. हो म्हटलं की हिरवा दिवा, नाही म्हटलं की लाल. शेवटी पडद्यावर त्याचं घर उमटतं. दहावा प्रश्न माझा स्वतःचा: ‘या घरात आजच्याच माणसांसोबत राहणार ना?’ शेवट गोड हवा. याला नाही कोण म्हणणार?

जेवताना ताझुकोला टोकियोचं सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला हो म्हणाली. विषय मिटला.

१५ मार्च.
पहिल्या पाहुण्या शिगाच्या एक आजीबाई. मिराई म्हणाली, नमस्कार. आजी म्हणाल्या, हो. मिराई म्हणाली, मी तुम्हाला काही विचारणार आहे. आजी म्हणाल्या, हो, हो. आजींचं हो-हो चालूच, पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत दहाही हिरवे. पडद्यावर घर आलं: समुद्राखाली, चार यांत्रिक मोलकरणी, स्वयंपाकघर नाही. आजी विचारत होत्या, अहो, पण पितरांचा देव्हारा कुठं ठेवू?
रिपोर्टमध्ये लिहिलं: ज्येष्ठांकडून उत्साही होकार.

१९ मार्च.
पाच दिवसांत लाल दिवा एकदाही नाही. बल्ब बदलला.
दालनातली कात्सुरागी (निळा गणवेश, ओसाकाची, तोंडाला कुलूप नाही) म्हणाली, मोरिवाकी-सान, लोक उत्तर देतच नाहीयेत, नुसतं ऐकतायत. समोरचा बोलायला लागला की आपण हो-हो करतोच की. हो म्हणजे कानावर पडलं. कबूल असं कुठं असतं त्यात?
मुलगी हुशार आहे, पण विज्ञान नाही. तिला वीस मिनिटं समजावलं. तिला पटलं. सारखी हो म्हणत होती.

२ एप्रिल.
विभागप्रमुख नारुमी साहेब आले. टोकियोचा विषय काढला. ते दातांतून श्वास ओढत म्हणाले, हे जरा अवघड दिसतंय. अवघड कामं साहेब माझ्याकडेच देतात. आनंदाच्या भरात एक सिगारेट. मोजायची नाही.

२६ एप्रिल.
ताझुकोने विचारलं, मला कधी दाखवणार तुमची मिराई? पासाचं कबूल केलं होतं. या महिन्याचे दोन्ही पास टोकियोच्या पाहुण्यांना द्यावे लागले. पुढच्या महिन्यात नक्की.
अर्धा तास बोलायचा संकल्प पाळतोय. आज पंचेचाळीस मिनिटं बोललो. माइकबद्दल.

७ जून.
पावसाची पिरपिर, माइकला ओल. पोट बिघडलंय.
ताझुको म्हणाली, मिनाबेला आईकडे उमेची आंबट फळं उतरवायचे दिवस आले. आईला आता नीट दिसत नाही, फळं पिकली की कच्ची, हाताने चाचपून बघते. यंदा लोणच्याची पिंपं तिच्याच्याने भरवणार नाहीत. मी म्हणालो, चार दिवस जाऊन ये की. ती म्हणाली, चार दिवसांचं नाही म्हणत मी. मग म्हणाली, अहो, ऐकताय ना? मी रिपोर्ट लिहीत होतो. हो म्हणालो.

२९ जून.
ताझुको मिनाबेहून परतली. बावीस दिवस घरात शिळ्या भाताला चहा ओतून खाल्ला. तिच्या हातांना मीठ लागून भेगा पडल्यात. टोकियोत हातमोजे घेऊन देईन. तसं सांगितलं. हो म्हणाली नाही. दमली असावी.

१८ जुलै.
लाल दिव्याचा तिसरा बल्ब. मी स्वतः खुर्चीत बसून ‘नाही’ म्हणालो. पेटला! म्हणजे मशीन चोख आहे, लोकच नाही म्हणत नाहीत. खूश झालो, पण झोप लागली नाही.
कात्सुरागी म्हणाली, आमच्या बाबांना मी म्हणाले होते, मला कॉलेज सोडायला लावू नका, तर ते म्हणाले, तू तर हो म्हणाली होतीस. तेव्हापासून मला हो म्हणायची भीतीच वाटते बघा. तिला रागावलो. घरगुती गोष्टी ड्यूटीवर नकोत.

९ ऑगस्ट.
ऊन मी म्हणतंय. दालनाबाहेर अडीच तासांची रांग. मिराईपुढे दिवसाला सहाशे माणसं बसतात. सहाशे घरं, सगळी समुद्राखाली. एक जण म्हणाला, मला पोहता येत नाही हो.
नारुमी साहेबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, पुढे बघून विचार करू. पुढे! म्हणजे विचार सुरू झालाय.
ताझुकोने घरात खोकी बांधायला घेतलीत. टोकियोची तयारी. मी न सांगता. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. तिच्या कपड्यांचीच बांधतेय, माझी नंतर करेल.

३० ऑगस्ट.
पास मिळाला नाही. ताझुको म्हणाली, राहू दे.
सिगारेटची पाकिटं दिवसाला दीड. पावसाळ्यापेक्षा कमी (बहुतेक).

१२ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४.
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
दुपारी दोनला ताझुको दालनात आली. हातात कापडी गाठोडं. तिकीट काढून, तीन तास रांगेत उभी राहून आली होती. मी म्हणालो, अगं, कळवायचंस, मागच्या दाराने आणलं असतं. ती म्हणाली, सगळे उभे होते, मीही राहिले.
खुर्चीत बसली. मिराई म्हणाली, नमस्कार. ताझुको गप्प. मिराई म्हणाली, मी तुम्हाला काही विचारणार आहे. गप्प. सहा महिन्यांत पहिल्यांदा मिराईचे प्रश्न शेवटपर्यंत ऐकू आले. नवव्या प्रश्नापर्यंत ताझुकोने हूं की चूं केलं नाही. दिवे बंद. मला वाटलं, माइक गेला. मी पुढे झालो तर कात्सुरागीने माझी बाही धरली.
दहावा प्रश्न. या घरात आजच्याच माणसांसोबत राहणार ना?
ताझुको माझ्याकडे बघून म्हणाली, नाही.
लाल दिवा लागला. लखलखीत. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हे खास काहीतरी. मीही वाजवल्या. ताझुको उठली, मिराईला वाकून नमस्कार केला, मग मला केला, आणि गेली.
आठ तारखेला तिने सांगितलं होतं म्हणे, की बारा तारखेला दुपारच्या गाडीने मिनाबेला जाणार. कात्सुरागीला ठाऊक होतं, रांगेत ताझुकोनेच सांगितलेलं. मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणालो होतो म्हणे.
नोंद: १८२ व्या दिवशी यंत्राने नकार अचूक ओळखला. तिने माझ्यासाठी मुद्दाम तपासून दिलं असावं.

१३ सप्टेंबर, रविवार.
मेळा संपला. नारुमी साहेबांना स्पष्ट विचारलं, मिराई टोकियोला जाणार ना? म्हणाले, हो, हो. मी विचारलं, साहेब, हे हो म्हणजे कबूल, की कानावर पडलं? साहेबांनी घड्याळ बघितलं. मग कामगारांनी पडदा सोडवायला घेतला.
घरी आलो. दारात नेहमीसारखं ‘आलो गं’ म्हटलं. भाताचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. माझी खोकी बांधलेली नाहीत. शेल्फवर उमेच्या लोणच्याची एक बरणी, नवीन, माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली. नाव तेवढंच, बाकी काही नाही.
स्टेशनजवळच्या फोनवरून मिनाबेला लावला. सासूबाईंनी उचलला. मी दहा मिनिटं बोललो. माझं चुकलं म्हणालो, त्या म्हणाल्या, हो. टोकियो राहिलं म्हणालो, हो. मीच मिनाबेला येतो, पिंपं भरायला येतो म्हणालो, हो, हो. ताझुको परत येईल ना? हो, म्हणाल्या, आणि हळूच फोन ठेवला.

नोंद: सासूबाईंची संमती मिळाली.

वरची ओळ खोडली.