आधी, नंतर आणि मध्ये चहा

४ जून
पावडर कंपनीचा एजंट स्टुडिओत आला. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो हवेत. मेहुण्यालाच उभा केला. ‘आधी’साठी जेवल्यावर, पोट सैल सोडून. ‘नंतर’साठी श्वास ओढून, अंगाला तेल, बाजूने लाइट. मध्ये दहा मिनिटं, त्यात चहा. मेहुणा स्वतःलाच ओळखेना. एजंटने आणलेल्या कच्च्या पोस्टरच्या तळाशी सूचनेची कसलीशी ओळ होती, ती फोटोची शोभा घालवत होती. मी म्हटलं, बारीक करा, मुंगीएवढी. एजंट म्हणाला, तुम्हाला धंदा कळतो.

९ जून
पोस्टर स्टुडिओच्या काचेवर लावलं. ‘शुगर मुळापासून गायब, फक्त नव्वद दिवसांत.’ येताजाता बघतो. मेहुण्यात फरक पडलाय हे नाकारता येत नाही.

१३ जून, सकाळ
पावडर सुरू. मेहुण्यानेही घेतली. बायको म्हणाली, अहो, तो फोटो तुम्हीच काढलात, मधला चहा मीच आणून दिला. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. डॉक्टरांच्या शुगरच्या गोळ्या आजपासून बंद. दोन्ही घेतलं तर गुण कशाचा, हे कळणार कसं? मी शास्त्रीय वृत्तीचा माणूस आहे. बायकोला हे सांगितलेलं नाही.

२४ जून
वजन दीड किलो वाढलं. एजंट म्हणाला, शरीरातलं विष आधी गोळा होतं, मग बाहेर पडतं. पटलं. घर झाडतानाही आधी कचऱ्याचा ढीग होतोच.

२ जुलै
दिवसभर तहान. भरपूर पाणी पिणं चांगलंच. पावडर चांगल्या सवयी लावते.

११ जुलै
शाळेचे ग्रुप फोटो काढले. बेचाळीस मुलं, सगळी धूसर. लेन्सला बुरशी आली असणार. दुरुस्तीला दिली.

१५ जुलै
दुरुस्तीवाला म्हणाला, लेन्स चकचकीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं. उद्धट माणूस. या लाइनीत जाणकार उरले नाहीत.

१९ जुलै
समोरच्या दुकानाची पाटीही पुसट झाली. हल्लीचे रंग टिकत नाहीत. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, एकही मूल ओळखू येत नाही. मी म्हटलं, मुलं हलतात. पुढचं काम त्यांनी दुसऱ्या स्टुडिओला दिलं. अठरा वर्षांचं गिऱ्हाईक. वाईट वाटलं.

२१ जुलै
स्टुडिओत चक्कर आली. मेहुण्याने दवाखान्यात नेलं. जिना चढताना तोच जास्त धापत होता. शुगर चारशे दहा. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? मी म्हटलं, तेरा जून, सकाळपासून. नोंद ठेवण्याची सवय अशी कामी येते. त्यांनी कौतुक केलं नाही. बायको तिथेच उभी होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डावा सुधारेल, उजव्याचं आत्ताच सांगता येत नाही. कॅमेऱ्याला मी उजवाच डोळा लावतो. भीती वाटली.

२४ जुलै
लिहिणं-वाचणं बंद. मी सांगतोय, बायको लिहितेय. मागची पानं उघडायची नाहीत असं बजावलंय.
तिने पावडरच्या पोस्टरची खालची ओळ भिंग घेऊन वाचली. ‘हे औषध नाही. छायाचित्रे केवळ नमुन्यादाखल. डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत.’ माझं डोकंच फिरलं. इतकी महत्त्वाची ओळ इतकी बारीक करणारा माणूस कोण, त्याला कोर्टात खेचला पाहिजे, असं म्हणालो.
तिने चार जूनचं पान काढून मला वाचून दाखवलं.