गिरणीचा ठिपका

आई, आधी सांग बघू, मी कोण? थांब, घाईनं बोलू नको. मागं एकदा असंच विचारलं, तर तू मला नणंद समजलीस आणि "वन्सं, आज इकडं कशा?" म्हणत डोक्यावर पदर घेतलास. पोटच्या पोरीला एवढा मान कुणी दिला नसेल. मी तुझी थोरली. अक्षर काही मला अजून आलं नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मी हाय म्हणते, ती आहे लिहिते. वाचताना मी फार शहाणी वाटले, तर ती तिची करणी समज.

या नातीचं काम ऐकशील तर हसशील. आपण मेथी निवडायचो तशी ती दिवसभर खुर्चीत बसून जागा निवडते. दवाखाने एका ढिगात, देवळं दुसऱ्या, चहाच्या टपऱ्या तिसऱ्या. मग फोनवर आपण चित्र निवडायचं. इंजेक्शनच्या चित्रावर बोट ठेवलं की जवळपासचे सगळे दवाखाने नकाशावर लाल ठिपके होऊन वर येतात, गव्हाच्या ओंबीवर ठेवलं की पिठाच्या गिरण्या. हव्या त्या ठिपक्याला बोट लावलं की निळी रेघ तिथवर नेते. वाचावं लागत नाही, म्हणून तिनं ते माझ्या फोनात घालून दिलं. "आजी, आता तू हरवायची नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, "मी कधी हरवले गं?" दोघी हसलो. माझं हसणं जरा जास्तच झालं.

कारण मला देवळाली कॅम्पचा तो दिवस आठवला. तू तिथल्या बाजारात लष्करातल्या बायकांना भाजी विकायचीस. नाव एकीचं माहीत नाही, पण कुणाच्या घरी कारलं चालत नाही हे तोंडपाठ. त्या दिवशी ऊन कललं तरी तू परतली नाहीस. मी माहेरी आलेली, काखेत तान्ही लेक. शोधत येते तर तू बसथांब्यावर बसलेली, रिकामी पाटी मांडीवर, चपला हातात. आपली बस तुझ्यासमोरून दोनदा गेली, असं शेजारचा पानवाला सांगतो. मी चारचौघांत तुझ्यावर ओरडते, "लाज नाय वाटत? रोजचा रस्ता हाय तुझा!" तू माझ्याकडं बघत नाहीस. लेकीकडं बघून म्हणतेस, "वरडू नको बाई, भ्यालंय ते." लेक तर गाढ झोपलेली. भ्यालेलं कोण होतं, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

आता माझं ऐक. गेल्या सोमवारी दुपारी मी चष्म्याची दांडी बसवायला एकटीच गेले होते. दांडी बसली, चष्मा नाकावर होता, म्हणजे डोळ्यांवर ढकलायला जागा नाही. परत येताना वळणावर उभी राहिले आणि वळायचं कुठं तेच कळेना. लांब एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, म्हणजे नाशिकरोड सोडून कुठं गेले नव्हते. पण त्या चिमण्या काय, सगळ्यांनाच दिसतात. मग फोन काढला. आमचं घर मारुतीमागं, म्हणून देवळाचं चित्र दाबलं. एवढे ठिपके वर आले! सगळे देव हजर, आमचा मारुती कोणता ते एकही सांगेना. तेव्हा आठवलं की आमच्या घराचा पत्ता आम्ही कायम "गिरणीसमोर" असा सांगतो. ओंबी दाबली. एकच ठिपका आला. जीव भांड्यात पडला. निळ्या रेघेवरून चालत गेले. फोन म्हणाला, पोहोचलात. समोर निळे पत्रे ठोकलेले, आत मोकळी जमीन. गिरणी नाही. मी तिथंच पिशवी छातीशी धरून उभी. किती वेळ, ते ठाऊक नाही. शेवटी पाठीमागून आवाज आला, "मावशी, उन्हात काय करता? घरात चला की." शेजारीण होती. वळून बघते तर आमचंच फाटक, पुरती वीस पावलंही नाहीत. मी म्हटलं, "गिरणीचं बघत होते गं, कशी पाडली मेल्यांनी."

खोटं पचलं असतं. पण जेवताना मीच तोंड उघडलं. नातीला म्हटलं, "तुझा फोन येडा हाय. गिरणी पाडली तरी ठिपका तसाच. कधी पाडली गं?" तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "आजी, दिवाळीआधी पाडली. तू तीन दिवस त्या कामगारांना चहा नेऊन देत होतीस. भिंत पडली तेव्हा रडलीस पण."

आई, त्या चहाचा एक कपसुद्धा मला आठवत नाही. फोन गिरणी विसरला नाही आणि मी पडलेली भिंत विसरले. नात म्हणते, तो ठिपका तिनं दुसऱ्या दिवशी काढून टाकला. सोपं असतं तिथं. मी विचारलं, "मला कोणत्या ढिगात टाकशील?" एरवी हसली असती. हे सांगताना आताही तिचं लिहिणं थांबलंय. लिही गं बाई, थांबू नको. आणि हेही लिही, की सोमवारची ही पहिली वेळ नव्हती. आधी दोनदा झालंय. एकदा तर स्वयंपाकघरातून देवघरात जाताना.

तू जाऊन वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचं नाही, आई. खरं सांगायचं तर ते तुला नव्हतंच फारसं. समोर बसून नातीला सांगायला जीभ वळेना, म्हणून तुला पुढं केलं. उद्या ती मला डोक्याच्या डॉक्टरकडं नेणार आहे. नंबर लागायला दुपार होईल म्हणे. तर सुनेला एवढा निरोप लिही, पोरी: डब्यात मऊ खिचडी पाठवायची नाही, मी आजारी नाही अजून. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा पाठव, आणि भाकरी दोघींना पुरेल एवढी.