वराचे वय दोनशे पाच

मंगला गौरी, वाराणसी
कार्तिक वद्य पंचमी, शके १९४७

ती. अन्नपूर्णाअक्कास,

धाकट्या गोपीनाथाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवरच विचारलं असतं, पण वीणाशी लग्न करतोय असं सांगितल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा गुडघे बरे असावेत असं धरून चालतो (दुखत असते तर मला ऐकवल्याशिवाय तू राहिली नसतीस).

"या वयात?" एवढंच म्हणून तू फोन ठेवलास. त्या वयाचीच गंमत सांगतो. नोंदणी विवाहाचा फॉर्म भरायला मी कोपऱ्यावरच्या नीलकंठच्या दुकानात गेलो. त्याने जन्मसाल विचारलं, मी पत्रिकेतलं १८७७ सांगून मोकळा झालो (जन्मभर संस्कृत शिकवलं, जिभेवर शकाशिवाय दुसरं साल येतच नाही). नीलकंठ पक्का बनारसी. इथे साल म्हणजे विक्रम संवत. त्याने सवयीने सत्तावन्न वजा केले आणि इंग्रजी साल लिहिलं १८२०. आपल्या शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे असतात हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. मी चष्मा घरी विसरलो होतो, तशीच सही ठोकली. आठ दिवसांनी कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागली: वराचे वय २०५, वधूचे ६६.

अक्का, सगळा मोहल्ला वाचायला गेला. दूधवाला रोज विचारतो, गुरुजी च्यवनप्राश कुठला खाता. शिंदे घाटावरचे दोन पंडे तर मला वाकून नमस्कार करून गेले. मी धावत कचेरीतल्या बाबूकडे गेलो, तर तो पान चघळत म्हणाला, "गुरुजी, लड़का इक्कीस के ऊपर होना चाहिए, बस. ऊपर की कोई लिमिट नहीं है." हरकत एकट्या वीणाने घेतली, एवढ्या म्हाताऱ्याशी लग्न करणार नाही म्हणाली. मग दुरुस्ती करून नोटीस पुन्हा लावली.

वीणाने (मुन्शी घाटाजवळच्या शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय, संधी सोडत नाही) हे इंग्रजी साल आलं कुठून तेही ऐकवलं. दीड हजार वर्षांपूर्वी रोममध्ये डायोनिसियस नावाचा भिक्षू ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करायला बसला (म्हणजे आपल्या पंचांगवाल्यांच्याच बिरादरीतला). त्या कोष्टकांत तेव्हा वर्षं मोजत एका रोमन बादशहापासून, आणि त्याने तर ख्रिस्ती लोकांचा छळ केलेला. भिक्षूला वाटलं, त्या छळणाऱ्याची आठवण कशाला जपायची? म्हणून त्याने ख्रिस्तजन्मापासून मोजायला घेतलं. त्यात चार-सहा वर्षांची चूक झाली असं विद्वान म्हणतात, शून्याचं वर्ष तर त्याच्याकडे नव्हतंच. तरी जग त्यावर चाललंय.

ऐकता ऐकता मला आपण दोघं आठवलो. तू आणि मी लतिका गेल्यापासूनच मोजत आलो ना? दिवाळी आली की लतिकेशिवायची सातवी, आठवी, नववी. माझी ती बायको आणि तुझी जिवाभावाची मैत्रीण. तू का रागावलीस ते मला कळतं. तिला मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण अक्का, आता दुसरीकडून मोजायला घ्यावंसं वाटतं. कित्येक वर्षांनी सकाळी उठल्यावर बरं वाटतंय. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुझा,
गोपीनाथ

ता. क. पाच डिसेंबरला सह्या आहेत. तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले, तिसरा काही केल्या मिळत नाही. तुझं सहज इकडे येणं झालं तर बघ. आग्रह नाही.

ता. क. २ (वीणाच्या अक्षरात): अक्का, साक्षीदार मिळत नाही हे साफ खोटं आहे. शेजारचे वेणीमाधवजी नवा कुर्ता शिवून तयार होते, त्यांना यांनीच परत पाठवलं. तुमच्याशिवाय हे सही करणार नाहीत, आणि मीही नाही. लतिकाताईंचा फोटो आहे तिथेच राहणार आहे. त्या दिवशी सकाळी त्याला हार तुम्ही घाला, मग आपण तिघं कचेरीत जाऊ.