एकही ओरखडा नसलेली गाडी

तीर्थरूप आत्यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राची सुरुवात तुमच्या गुडघ्याच्या चौकशीने करायची असते हे मला कळतं, आणि ती मी करणारच आहे, पण आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांच्या गाडीवर एकही ओरखडा नाही आणि ती विकत घ्यायला निघालेला चष्मेवाला लबाड आहे. ओरखडे आहेत. चष्मेवाल्याचं अजून नक्की सांगता येत नाही. ते पत्र तुम्ही शेजारणीला वाचून दाखवलं असेल, तर कृपा करून हेही दाखवा, म्हणजे माझ्यामुळे एका माणसाची उगाच बदनामी व्हायला नको.

आता गुडघा कसा आहे? तुमच्या फाटकाचा खांब कुणीतरी रात्रीतून सरकवून ठेवतं आणि त्यामुळे स्कूटर दोनदा आपटली, हे वाचून मला शेजाऱ्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. (दुपारी जेवले नाही. रात्री जेवले. उगाच खोटं कशाला लिहू?) अक्षर या वेळी बोराएवढं काढलं आहे, त्याबद्दल गैरसमज नसावा. कारण शेवटी लिहीन.

तर झालं ते असं. बाबांची गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. विलायती, दोघांपुरती, वर कापडी छत, पुढचं नाक इतकं लांब की वळणावर नाक आधी पोचतं आणि आपण मागून जातो. चित्रकलेच्या मास्तरकीतून सुटल्यावर बाबांना तेवढंच एक सुख उरलं आहे. डाव्या खुर्चीवर बसणाऱ्याने चालवणाऱ्याला रस्ता सांगायचा, ही आपल्या घरची रीत. आधी आई सांगायची, मग मी सांगू लागले. "डावीकडे सायकल. पुढे खड्डा. लाल. हिरवा." सगळ्यांच्याच गाडीत असंच चालतं अशी माझी समजूत होती, कारण गाडी म्हणजे काय हे मी घरीच शिकले. दुसऱ्यांच्या गाडीत बसले तेव्हा डावीकडचा माणूस खुशाल गप्प बसलेला पाहून मला त्याचा बेजबाबदारपणाच वाटायचा.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही बँकेतून येत होतो. मी "लाल" म्हटलं, बाबा थांबले. सिग्नल काही केल्या हिरवा होईना. मागच्यांनी हॉर्न वाजवले, बाबांनी हात वर करून त्यांना नियम समजावून सांगितला. मग एक गृहस्थ चालत आले आणि त्यांनी सिग्नलमध्ये पाकीट टाकलं. आम्ही टपालपेटीसमोर उभे होतो, आत्या.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, बाबांचे डोळे तपासायला हवेत. ("लाल" कोण म्हणालं होतं, हा प्रश्न तेव्हा आम्हा तिघांनाही सुचला नाही. चालवणारा तो जबाबदार, असंच आम्ही धरून चाललो होतो.) नाक्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने बाबांना स्टुलावर बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, आणि बाबांनी सवयीने मान जराशी डावीकडे कलती केली. मीही सवयीने हळूच सांगू लागले. मी सांगायची, बाबा मोठ्याने म्हणायचे. एक ओळ झाल्यावर चष्मेवाला म्हणाला, "वा! दोघांचीही सगळी अक्षरं चुकली." मला वाटलं, तक्ता जुना असेल.

त्याचं म्हणणं पडलं की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चष्म्याने भागायचं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घ्या, आणि तोवर गाडीला हात लावू नका. हे सांगत तो आम्हाला दारापर्यंत सोडायला आला आणि तिथे त्याला गाडी दिसली. (ती फुटपाथवर होती. कशी चढली, आम्हाला माहीत नाही.) आत्या, मी त्याचा चेहरा तेवढा जवळून पाहिला. भूक लागलेल्या माणसाच्या पुढे ताट वाढलं की दिसतो तसा तो झाला होता.

घरी बाबा भडकले. "मी आंधळा ना? मग विकून टाका गाडी!" आम्ही हातापाया पडून त्यांची समजूत काढू अशी त्यांची अपेक्षा असावी. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "टाका." मग बाबांना मागे फिरता येईना. जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. खोटं काही जाऊ नये म्हणून मी हात मागे बांधून गाडीभोवती सावकाश फेऱ्या मारल्या, नीट बघितलं, आणि लिहिलं, "गडद हिरवा रंग, एकही ओरखडा नाही." सगळ्यात आधी कोण आलं असेल? चष्मेवाला. मागितली ती किंमत द्यायला तयार, घासाघीस नाही. तो गेल्यावर बाबा पलंगावर आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "आता कळलं मोतीबिंदू कुठून आला?"

तिथून माझी झोप उडाली. ज्याने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, तोच गाडी घेणार, हे काही मनाला पटेना. पण पटत नाही म्हणून एखाद्याला लबाड ठरवणंही बरं नाही. म्हणून मी युक्ती काढली. माझे डोळे ठणठणीत आहेत (माझं काम पुस्तकबांधणीचं, बारीक टाका मला डोळ्यांशी धरला की स्वच्छ दिसतो), तेव्हा मीच जाऊन तपासून घ्यायचे. ठीक आहेत म्हणाला तर माणूस खरा, खराब आहेत म्हणाला तर खोटा. तो म्हणाला, "खराब आहेत. डाव्या खुर्चीत बसता का हो तुम्ही?" दुसऱ्या दिवशी आईला पाठवलं. तिचेही खराब. आता शंकाच उरली नव्हती. एका गाडीपायी त्याने आख्ख्या कुटुंबाला आंधळं केलं होतं. त्याच संतापात मी तुम्हाला मागचं पत्र लिहिलं.

पत्र पेटीत टाकलं आणि मन खाऊ लागलं. त्याने मला आणि आईला एकेक चष्मा बनवून दिला होता, "नको वाटला तर परत आणा" म्हणून. निदान एकदा डोळ्यांवर चढवल्याशिवाय परत करणं रास्त नाही, असं वाटून मी माझा गॅलरीत उभी राहून लावला.

आत्या, झाडाला पानं सुटी सुटी असतात. मला वाटायचं, ती जवळ गेल्यावर सुटी होतात. समोरच्या शिंप्याच्या दुकानातल्या ज्या गृहस्थांना मी रोज सकाळी नमस्कार करते (फार शांत स्वभावाचे वाटायचे), तो पुतळा आहे. त्याला डोकंदेखील नाही. मी घाईघाईने आईला तिचा चष्मा आणून दिला. तिने आधी छताकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, मग बाबांकडे बराच वेळ. म्हणाली, "अगं बाई, जळमटं किती! आणि तुम्ही म्हातारे कधी झालात हो?" तेव्हापासून ती साफसफाईच करते आहे आणि बाबा तिच्यासमोर यायचं टाळतात.

मग मी खाली जाऊन गाडी पाहिली. ओरखडे म्हणजे किती सांगू! डावं दार एका हिरव्या रंगाचं आणि बाकीची गाडी दुसऱ्या. एक दिवा तारेने बांधलेला. पुढच्या बंपरवर टपालपेटीचा लाल रंग. इतके दिवस मी घाबरत होते की चष्मेवाला आपल्याला फसवतो आहे, आणि इथे तर लेखी जाहिरात देऊन आम्हीच त्याला फसवत होतो. (शिवाय इतके दिवस रस्त्यावरून जाणारी माणसं कुणाच्या भरवशावर जगत होती, हे आठवून अजूनही अंगावर काटा येतो.) तशीच धावत दुकानात गेले.

"गाडीवर ओरखडे आहेत," मी म्हटलं.

"आहेत ना. पहिल्याच दिवशी पाहिले. बघणं हाच तर धंदा आहे आपला."

"मग घासाघीस का नाही केलीत?"

तो काचा पुसत बसला. मग म्हणाला, "ताई, मन बसलंय तिच्यावर. तुमच्या वडिलांना गाडी बंद करा म्हटलं, आणि पुढच्या मिनिटाला ती दिसली. तेव्हापासून मलाच कळेनासं झालंय मी लबाड आहे की काय. पण मोतीबिंदू खरा आहे हो." आणि त्याने एक अट घातली. ऑपरेशन होऊन बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी गाडी बघायची आणि मग विकतो म्हणायचं, तरच तो घेणार. ज्याला आपली वस्तू दिसत नाही त्याच्याकडून ती घेतली, तर चालवताना आपल्याला सुख लागायचं नाही, म्हणाला. मला इतका गोंधळलेला माणूस दुसरा भेटला नव्हता. जरा धीर आला.

बाबांना ओरखड्यांचं सांगितलं तर ते हसले. गाडीवरून हात फिरवून म्हणाले, "हे? ही विलायती घडण आहे." पण चष्मेवाल्याला खोटं पाडायला म्हणून ते ऑपरेशनला तयार झाले. शुक्रवार, एकवीस तारीख ठरली आहे. मध्ये एक अडचण आली. बाबा म्हणाले, आता तुला दिसतं, मला चालवता येतं, म्हणजे दोघांत मिळून एक माणूस पुरा झाला, चल. मला ते इतकं पटलं की मी चपला घातल्या. आई आतून ओरडली, "पोस्टाची पेटी विसरलात वाटतं!" आणि तिने चावी पिठाच्या डब्यात टाकली.

आता रोज संध्याकाळी चष्मेवाला दुकान बंद करून येतो. गाडी जागची हलत नाही. बाबा उजवीकडे बसतात, तो डावीकडे, आणि "पुढे सायकल", "लाल", "आता हिरवा" असं सांगत असतो. बाबा गिअर बदलतात. तोंडाने इंजिनाचा आवाज कोण काढतं, ते मी पाहिलेलं नाही. आई म्हणते, ही गाडी विकली जात नाही आणि हा माणूसही आता जात नाही.

तुमच्या प्रकृतीला जपावं. घरच्या सर्वांचा नमस्कार.

तुमची भाची

ता. क. अक्षर मोठं का, ते राहिलंच. चष्मेवाला म्हणाला, असे डोळे घराण्यात असतात, बाबांच्या भावंडांची चौकशी करा. मी तुमचं मागचं पत्र चष्मा लावून पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळी एकीवर एक लिहिलेल्या आहेत. मला तेव्हा वाटलं होतं, मायेच्या भरात झालं असेल.

ता. क. दुसरा. आत्या, शेजाऱ्यांवरचा राग मी मागे घेते. तो खांब कुणी सरकवत नाही. तुम्ही रोज त्याच स्कूटरवरून नातवाला शाळेत सोडता, हे आठवल्यापासून मला खरंच घास उतरत नाही. (दुपारीही नाही, रात्रीही नाही.) एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, गाडीचं आपलं निमित्त. रागवा, बोला, पण चावी काढून पिठाच्या डब्यात टाका. मी तुम्हाला न्यायला येते आहे, चष्मेवाल्याने स्टूल पुसून ठेवलं आहे. फाटकापाशी तुम्हाला दोन आकृत्या दिसतील. हलेल ती मी, हलणार नाही तो खांब. बुधवारी, एकोणीस तारखेला.