शिलाईसाठी पाव इंच

१ जानेवारी, सकाळी
संकल्प : या वर्षी निदान एक तरी क्विल्ट पूर्ण करायचं.
‘निदान एक तरी’ खोडलं. वर्षाच्या पहिल्याच दिवशी रडका सूर नको.
कपाटात काही क्विल्ट आहेत. त्यांना अर्धवट म्हणणं अन्यायाचं होईल, ती प्रगतिपथावर आहेत. ही त्या कपाटाला अनाथाश्रम म्हणते. क्विल्टला गोधडी म्हणते ते वेगळंच. आज तिला पुन्हा एकदा शांतपणे फरक समजावला. गोधडी म्हणजे घरातली जुनेरं जोडून केलेलं पांघरूण. क्विल्ट म्हणजे चांगलं कोरं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते परत जोडायचे. ती म्हणाली की फरक तिला पहिल्या दिवसापासून कळलाय, कारण तेवढा कळत नाहीये.

४ जानेवारी
बाईंकडे आमच्या मंडळाची बैठक. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. दुसऱ्या दातांच्या डॉक्टर. दाताच्या आकड्याने टाके उसवतात आणि उसवताना सवयीने विचारतात, दुखतंय का. तिसरा पोस्टमास्तर, तोही निवृत्त. चौथा मी. सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे अचूकपणाची बाजू माझ्याकडे. प्रदर्शनांना आणि शिबिरांना जाताना गाडीही माझीच असते. थोडक्यात, मंडळ माझ्यावर चालतं.
चहा झाल्यावर पोस्टमास्तरने सहज सांगितलं की एप्रिलच्या शिबिरानंतर तो कायमचा मुलीकडे राहायला जातोय. मुलगी खूप लांब राहते. गुडघे बोलायला लागलेत, एकट्याने जिने चढवत नाहीत म्हणाला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई चष्मा पुसत बसल्या. मी खंबीर राहिलो. माणसं येतात, जातात. मी विचारलं की मग शिबिरातली खिडकीजवळची खाट आता मला मिळणार का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वातावरण हलकं करायला कुणीतरी पुढे यावंच लागतं.

५ जानेवारी
झोप नीट लागली नाही. उशीमुळे.
निर्णय घेतला. पोस्टमास्तरला निरोपाचं क्विल्ट द्यायचं. डबल बेडचं. माझ्या हातचं, गुपचूप केलेलं. शिबिराच्या शेवटच्या सकाळी प्रत्येक जण उभा राहून आपलं काम दाखवतो, तेव्हा सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर पांघरायचं. नमुनाही सुचला : टपाल तिकिटाचा. एकेक इंचाचे चौकोन, हजारो, तिकिटांसारखे शेजारी शेजारी जोडलेले. पोस्टमास्तरला टपालाची तिकिटं! हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.
हिला सांगितलं. ती म्हणाली, आधी शर्टाचं बटण लावून दाखवा.

१३ जानेवारी
आलेखाच्या कागदावर नकाशा पूर्ण. प्रमाणबद्ध. बघत राहावंसं वाटतं, म्हणून बघत राहिलो. संध्याकाळ झाली.

१९ जानेवारी
कापायला सुरुवात. गोल पात्याची सुरी, धातूची पट्टी. एक इंच म्हणजे एक इंच, केसाचाही फरक नाही. हिने येता जाता विचारलं, शिलाईसाठी सोडलंय ना? मी तिला सांगितलं की सोडावं लागतं ते ज्यांचं माप कच्चं असतं त्यांना. आम्ही एवढ्या जमिनी मोजल्या, कधी कुणाला इकडे पाव तिकडे पाव सोडलं नाही. ती बरं म्हणाली आणि गेली. अशी बिनशर्त माघार ती क्वचित घेते.

२ फेब्रुवारी
शिवायला लागलो. पट्ट्या नकाशापेक्षा आखूड येताहेत. आखूड म्हणजे अर्ध्या.
मशीन तपासलं. पट्टी तपासली. डोळेही तपासून आलो. राहता राहिलं कापड.

३ फेब्रुवारी
कापडाच्या दुकानात तक्रार नोंदवली : माल आटतो. दुकानदाराने विचारलं की धुतलं होतं का. मी म्हटलं पाणी दाखवलेलं नाही. तो सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ग्राहकाशी वागण्याची रीत अशी उरलेली नाही.
बेत किंचित बदलला. सिंगल बेड. पोस्टमास्तर तसा एकटाच आहे, डबल बेडचं करून त्याला उगाच खिजवल्यासारखं झालं असतं.

१७ फेब्रुवारी
क्विल्टच्या प्रदर्शनाला गेलो. सकाळी लवकर निघालो. फोनवरचा नकाशा मी वापरत नाही, दिशा माझ्या अंगात आहे. वाटेत एक सिमेंटचा कारखाना छान बघायला मिळाला. दोनदा. बाई म्हणाल्या की सहलीला आणलेली मुलंही एव्हाना वर्गात परतली असती. पोस्टमास्तर मात्र शेजारी बसून सोललेली संत्री देत राहिला आणि म्हणाला, चुकू दे, बोलायला वेळ मिळतो.
प्रदर्शनात क्विल्टना हात लावायला बंदी. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका उभ्या असतात, त्यांनाच कडा उलटून दाखवायची परवानगी. एका क्विल्टची रंगसंगती कशी फसलीय हे एका हातमोजेवालीला बारकाईने समजावून दिलं. तिने मन लावून ऐकलं. निघताना कळलं की ते तिचंच होतं. म्हणजे तिला फायदाच झाला.
पोस्टमास्तरच्या क्विल्टला दुसरं बक्षीस. निळ्या रंगाच्या सगळ्या छटा, सगळे कोपरे टोकाला टोक भिडलेले. मी मनापासून अभिनंदन केलं आणि खालच्या बाजूला एक कोपरा चुकलाय हे मित्र म्हणून कानात सांगितलं. तो हसला. म्हणाला, माहितीय की, तो शिवत होतो तेव्हाच तुझा फोन आला, हात हलला. मी विचारलं, मग उसवला का नाहीस? तो म्हणाला, राहू दे म्हटलं, तुझाही हातभार.
मी तडक बाहेर पडलो. समोरच्या दुकानात शिरून कापड घेतलं. गरज नव्हती.
कापड गाडीत स्टेपनीखाली ठेवलंय.

१८ फेब्रुवारी
हिने सकाळीच विचारलं, स्टेपनीखाली काही नाहीये ना? या बाईला मोजणी खात्यात घ्यायला हवं होतं.

१६ मार्च
गेले काही दिवस फारसं काम झालं नाही. कारणं : १) सर्दी. २) हिची सर्दी. ३) पोस्टमास्तरकडे सामान बांधायला जावं लागतं. त्याला बांधता येतं, जन्मभर पार्सलंच पाहिली त्याने. मी नुसता खोक्यावर बसतो आणि तो दोरी ओढतो.
आज त्याचं शिवणाचं मशीन बांधलं. घर एकदम शांत वाटलं. घरी आल्यावर ही म्हणाली की तोंड का पडलंय. मी म्हटलं, सर्दी.
नवा बेत : मांडीवर घ्यायचं क्विल्ट. म्हाताऱ्या माणसाला तेच उपयोगी. सिंगल बेडचं क्विल्ट गुडघ्यात अडकून पडला म्हणजे?

१२ एप्रिल, दुपारी
शिबिराला पोहोचलो. तळ्याकाठचं अतिथीगृह, मोठा हॉल, लांब टेबलं, टेबलागणिक मशीन. बायका भरपूर, पुरुष आम्ही दोघंच, म्हणून दर वर्षीप्रमाणे एका खोलीत. खिडकीजवळची खाट त्याने न विचारता मला दिली. नको म्हटलं. तो ऐकेना. आता त्या खाटेवर बसून हे लिहितोय. खिडकीतून वारा येतो. इतकी वर्षं मी उगाच मागत होतो.
क्विल्ट गुप्त असल्यामुळे हॉलमध्ये काढता येत नाही. फिरायला जातो सांगून गाडीत बसून हाताने शिवतोय. पोस्टमास्तरने विचारलं की हल्ली एवढं काय फिरतोस. तब्येत, म्हटलं.

१३ एप्रिल, सकाळी
गाडीतल्या गाडीत चुरगळतं, म्हणून उजाडायच्या आत हॉलमध्ये जाऊन हळूच इस्त्री लावली. पण माझ्याही आधी उठलेल्यांच्या इस्त्र्या चालूच होत्या. फट्ट आवाज. सगळी मशिनं बंद, दिवे बंद, कॉफीचं यंत्रही बंद. बाईंनी अंधारातून माझं आडनाव घेऊन हाक मारली. अंधारात त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

त्याच दिवशी, दुपारी
डॉक्टर गाडीच्या काचेवर टकटक करून आत येऊन बसल्या. गुपित सांगावं लागलं. त्यांनी चष्मा वर केला, तुकडे बघितले, आणि किडलेला दात सापडल्यासारखा चेहरा केला. म्हणाल्या, अहो, शिलाईसाठी पाव इंच कुठाय? चौकोनाच्या एका बाजूला पाव इंच शिलाईत जातं, दुसऱ्या बाजूला पाव. एक इंचातला अर्धा इंच आतच गडप. म्हणून तुमचं क्विल्ट अर्धं झालंय, लांबीलाही आणि रुंदीलाही.
म्हणजे कापड आटलं नव्हतं.
मुद्दा मला पटला, पण तत्त्व म्हणून माझं माप बरोबर होतं. जमिनीला जमीन जोडताना शिलाई लागत नाही, एवढाच फरक.
डॉक्टर हसून हसून हॉर्नवर पडल्या. तळ्यावरची बदकं उडाली. बरीच उसवाउसवी त्यांनीच करून दिली. दुखतंय का, विचारलं. दुखत होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कडा सरळ करायला घेतल्या. डावी बाजू किंचित जास्त होती, कापली. मग उजवी जास्त दिसायला लागली. ती कापली. वरची. मग पुन्हा डावी. डॉक्टर म्हणाल्या, आता थांबा, नाहीतर नुसता दोरा उरेल. थांबलो.
आत कापूस घालून, अस्तर लावून जे उरलंय ते माझ्या पंजाएवढं आहे.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला तो जायला नकोय. शिबिरात मी क्विल्टसाठी येतच नाही बहुधा. तो घोरतो आणि मध्येच जागा होऊन विचारतो, झोपलास का. मी झोपलो म्हणतो. मग आम्ही बोलत बसतो. डबल बेडचं केलं असतं तर ते शिवून व्हायला वर्षं लागली असती आणि तोवर त्याला जाता आलं नसतं, असं काहीतरी डोक्यात होतं की काय, कोण जाणे.

१४ एप्रिल
आपलं काम दाखवायची वेळ. बायकांनी भिंतभर क्विल्ट उलगडली. दोघी दोघी टोकं धरून उभ्या. माझं नाव पुकारलं. भाषण तयार होतं. ते विसरलो. खिशातून काढून वर धरलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की दाखवताय कधी.
मी पोस्टमास्तरच्या हातात दिलं आणि म्हणालो, तिकीट आहे. लांबच्या प्रवासाला.
त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकही कोपरा जुळलेला नव्हता. मग तो उठला, शेगडीपाशी गेला, किटली उकळत होती तिचा कान माझ्या क्विल्टने धरला आणि सगळ्यांना चहा ओतला. म्हणाला, हेच नव्हतं घरात.
हॉलभर टाळ्या. बाईंनीही वाजवल्या. माझ्या कलाकृतीचं भांडं धरायचं फडकं झालं, पण मी मन मोठं ठेवलं. नाकही पुसलं. त्या हॉलमध्ये धूळ फार.

२८ एप्रिल
तो गेला. स्टेशनवर सोडायला गाडी घेऊन मीच गेलो. रस्ता चुकलो नाही. चुकायला हवा होता.

१९ मे
पोस्टमास्तरचा फोन. गुडघे बरे, नात गोड, जेवण अळणी. फडकं रोज वापरात. फक्त एक अडचण : भांड्याला कान दोन असतात, दुसऱ्या हाताला चटका बसतो. दुसरं करून पाठव म्हणाला.
उद्यापासून. या वेळी शास्त्रशुद्ध.

२६ मे
शिलाईसाठी पाव इंच सोडलं, चारी बाजूंनी. कोपरे भिडले. कडा सरळ. माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण झालेलं निर्दोष काम! पहिल्या फडक्याच्या दुपटीहून मोठं आलं. जोडी जमेना.
फोन करून त्याला विचारलं. तो म्हणाला, सुधारू नकोस रे बाबा. पहिल्यासारखंच कर.

१ जून, सकाळी
सकाळपासून बसलोय. एक इंचाचे तुकडे, शिलाईसाठी काहीही न सोडता. माप लहान येतंय, पण कोपरे आपोआप जुळताहेत. वाकडं करायचं ठरवून हात वाकडा धरला तरी सरळ येतं. ही म्हणाली, पहिलं तुम्ही जीव लावून केलं होतं, तसं वाकडं असं सहज नाही जमायचं. यात स्तुती किती आणि टोमणा किती, हे अजून मोजतोय.

१ जून, दुपारी
शेवटचा कोपरा शिवत होतो आणि फोन वाजला. पोस्टमास्तर. हात हलला. कोपरा पार गेला, थेट शेजारच्या तिकिटावर चढला.
उसवला नाही. त्याला सांगितलं, तुझाही हातभार. तो इतका हसला की मुलीने येऊन त्याला पाणी दिलं.
जोडी पूर्ण! हिला अभिमानाने बोलावलं. तिने फडकं हातात घेतलं, चक्क ‘बरी झालीय गोधडी’ म्हणाली आणि शेगडीवरचं दुधाचं पातेलं धरायला गेली. मग किंचाळली.
आत कापूस घालायचा राहिला होता.
ही नळाखाली बोटं धरून बसलीय आणि माझ्याशी बोलत नाहीये. कोपरा मात्र हुबेहूब आलाय.